महागडी युद्धनौका, छोटी होडी आणि बेगुनाह कोळी

१२ ऑक्टोबर २००० ला 'यूएसएस कोल' ही अमेरिकी युद्धनौका येमेनच्या एडन बंदरात इंधन भरायला थांबली होती. एक छोटी होडी तिला येऊन भिडली. पहारेकऱ्यांना वाटलं, बंदरातल्याच कामाची असेल. स्फोट झाला आणि १७ खलाशी ठार झाले. दुरुस्तीला सुमारे २५ कोटी डॉलर लागले.

रडार, क्षेपणास्त्रं सगळं होतं, पण ते दूरच्या शत्रूसाठी. बंदरात कचरा नेणाऱ्या, दोर बांधणाऱ्या होड्या जवळ येणारच. मग काय, दिसेल त्या होडीवर गोळी झाडायची?

तेही झालं. जुलै २०१२ मध्ये दुबईजवळ अमेरिकी नौदलाच्या 'रॅपाहॅनॉक' या इंधनवाहू जहाजावरून एका होडीवर गोळीबार झाला. होडीत तामिळनाडूचे कोळी होते, पोटासाठी तिथे गेलेले. एक जण जागीच गेला, तिघे जखमी झाले. एडनला घडलेल्या गुन्ह्याची किंमत त्यांनी मोजली.

आणि शत्रू आतलाच असेल तर? सप्टेंबर २०१४ मध्ये कराचीत पाकिस्तानची 'झुल्फिकार' युद्धनौका ताब्यात घेण्याचा प्रयत्न झाला, त्यात नौदलाचीच माणसं होती. तिथे कुंपण काय कामाचं?

पहारा हवाच, यात वाद नाही. पण खर्च वाढवला की धोका संपतो, हा हिशोब चुकीचा आहे. सुरक्षेचा हिशोब मांडताना त्या कोळ्याचा जीवही खर्चाच्या रकान्यात लिहायला हवा.