आदर्श गांवाकडून काय आणावें ?

आपल्या अवर्षणग्रस्त भागांत एखाद्या गांवानें पाण्याचा प्रश्न सोडविला, कीं त्याचें नांव लवकरच सर्वतोमुखीं होतें. मग तालुक्यातालुक्यांतून मोटारगाड्या भरून मंडळी तें गांव पाहावयास जातात; बंधारे, चर, हिरवे डोंगर आणि भरलेल्या विहिरी पाहून धन्य धन्य म्हणतात, आणि परत येऊन सरकारकडे बंधाऱ्याची मागणी करितात. बंधारा होतोही; परंतु पुष्कळ ठिकाणीं थोड्याच वर्षांनीं उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर पुन्हां वेशींत उभा राहतो. असें कां व्हावें, ह्याचा विचार आपण शेतकऱ्यांनींच केला पाहिजे.

अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजारचेंच उदाहरण घेऊं. वर्षाकाठीं चारशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारें हें गांव. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि माणसें मजुरीसाठीं गांव सोडून जाऊं लागलीं. १९८९ च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें आदर्श गांव योजनेंत गांवाचा समावेश झाला आणि समपातळी चर, नालाबांध व वृक्षलागवड हीं कामें झालीं. परंतु अशीं कामें दुसऱ्या शेंकडों गांवींही झालीं आहेत. हिवरे बाजारचें वेगळेपण कामांबरोबर स्वीकारलेल्या बंधनांत आहे : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, शेतीसाठीं कूपनलिका न घेणें, आणि ऊंस व केळी यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें न करणें.

शिवाय पावसाळा संपला कीं तें गांव पाण्याचा जमाखर्च मांडतें. हा हिशेब कोणाही साक्षर शेतकऱ्यास येण्याजोगा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलें. हिवरे बाजारचें क्षेत्र सुमारें ९७६ हेक्टर धरल्यास दर मिलिमीटरास जवळजवळ एक कोटी लिटर पाणी होतें. त्यांतील कांहीं वाफ होऊन जातें, कांहीं वाहून जातें, कांहीं मातींत राहतें व कांहीं खालीं मुरतें. जें हातीं राहील त्यांतून माणसांचें व गुरांचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें, आणि मग रब्बीस कोणतें पीक किती घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. पाऊस कमी झाला तर पाण्याचीं पिकेंही कमी. कोणता बंधारा हा निर्णय आपल्यासाठीं घेणार आहे ?

दुसरें उदाहरण पुणें जिल्ह्यांतील नायगांवचें. पुरंदर तालुक्यांतील ह्या गांवीं त्याच दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तिचा मुख्य नियम असा कीं, पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावें : दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांचें. भूमिहीनासही वांटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जात नाहीं, उंसास पाणी नाहीं, आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनीं स्वतः भरावयाचा. दोन्ही गांवांचे नियम सारखे नाहींत. एकानें मुख्यतः पिकावर व कूपनलिकेवर बंधन घातलें, दुसऱ्यानें वांटणीवर. परंतु पाणी ही साऱ्या गांवाची ठेव आहे, हें दोघांनींही मानलें.

येथें आमच्या बागायतदार वाचकांचा आक्षेप आम्हांस दिसतो. स्वतःच्या पैशानें खणलेल्या विहिरीवर गांवाची सत्ता कां चालावी ? शिवाय उंसास निदान गिऱ्हाईक ठरलेलें असतें. कांद्याचें व भाजीपाल्याचें तसें नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. पण भूगर्भांतील पाणी बांध ओळखीत नाहीं. एकानें खोल कूपनलिका घेतली कीं शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी अधिक खोल जातो, आणि शेवटीं दोघांच्याही डोक्यावर कर्ज राहतें. ह्या शर्यतींत मोठा बागायतदारही फार काळ पुढें राहत नाहीं. तथापि नुसती बंदी टिकत नाहीं, हेंही खरें. हिवरे बाजारांत चराईबंदीमुळें गवत वाढलें, त्यावर दुभतीं जनावरें आलीं आणि दुधाचा धंदा उभा राहिला. तेव्हां सोडलेल्या गोष्टीचा मोबदला घरांत दिसला. जो गांव बंदी उचलील पण हा मोबदला उभा करणार नाहीं, त्याचा नियम मोडल्यावांचून राहणार नाहीं.

पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ सालीं तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ सालीं ७५ तालुक्यांत पोहोंचली. गांवांतील निवडक स्त्रीपुरुषांस आधीं शिकवून मग काम करविण्याची तिची रीत उत्तम होती. तंत्र व श्रमदान किती वेगानें पसरूं शकतात हें तिनें दाखविलें. परंतु पाणी अडविण्याचें काम पंचेचाळीस दिवसांत उभें राहिलें, तरी पाणी वांटण्याची शिस्त दरवर्षीं नव्यानें पाळावी लागते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या संघानें यशस्वी गांवांचे नियम लेखी गोळा करावे : काय वर्ज्य केलें, मोडणाऱ्यास काय दंड, कोणीं विरोध केला व तंटा कसा मिटला. जेथें प्रयोग फसला तेथील हकीकतही तितक्याच आस्थेनें लिहावी. दुसरी, पाहणीस पन्नास माणसें न पाठवितां पांचच पाठवावीं. त्यांत गांवांतील सर्वांत मोठा बागायतदार, एक भूमिहीन, एक मेंढपाळ आणि दोन स्त्रिया असाव्यात, व त्यांनीं पाण्याचा हिशेब मांडला जातो त्या ग्रामसभेच्या दिवशीं तेथें जावें. तिसरी, बंधाऱ्याची मागणी करण्यापूर्वीं प्रत्येक गांवानें एक वर्षभर पर्जन्यमापकाचे आंकडे आणि दहा विहिरींची दरमहाची पातळी चावडीच्या भिंतीवर लिहावी. ह्यास पर्जन्यमापक, दोरी व खडू यांहून अधिक साहित्य लागत नाहीं. आपलें पाणी किती हें सर्वांस एकदां दिसलें, म्हणजे नियमाची गोष्ट काढणें सोपें जाईल.

ज्या वाचकांच्या गांवीं असा एखादा नियम पाळला जात असेल, किंवा पाळून मोडला असेल, त्यांनीं तो आम्हांस अवश्य लिहून कळवावा. तो छापण्यास ह्या मासिकांत जागा आहे.