‘जाते’ नको, ‘येते’ म्हण!

परीक्षा संपल्या की पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोल्या भराभर रिकाम्या होतात. सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत गल्लीगल्लीत छोटा हत्ती उभा, त्यात गुंडाळलेल्या गाद्या, पुस्तकांची खोकी आणि कोणाची तरी गिटार. रूममेटला मिठी, इन्स्टावर एक स्टोरी, आणि महिनाभरात ग्रुप म्यूट. याच दिवसांत कोणाचं ब्रेकअप होतं, कोणाला गावाहून फोन येतो की आजोबा गेले. या सगळ्यावर आपल्या पिढीकडे औषध मात्र एकच. ‘मूव्ह ऑन कर यार!’

मला हे औषध पटत नाही. दुःख म्हणजे जणू सिग्नलला बंद पडलेली गाडी, ढकलून बाजूला घ्या आणि निघा. त्यापेक्षा आजीचं शहाणपण मला जास्त प्रॅक्टिकल वाटतं.

घरातून निघताना तोंडून चुकून ‘जाते’ निघालं की आजीचा आवाज आलाच म्हणून समजा, “जाते म्हणू नये, येते म्हणावं!” तुमच्याही घरी हे होत असणार. आपण त्याला जुनी खोड म्हणून हसतो. पण जरा विचार करा, आपली भाषा निघण्याच्या वाक्यातच परतण्याचं क्रियापद ठेवते. लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवलं जातं, तेही त्याच भावनेनं.

आणि निरोपाचा सराव तर आपण दरवर्षी करतो. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. घरच्या गणपतीला कितीतरी घरांत दही-पोह्यांची शिदोरी देतात. विसर्जनानंतर रिकामा पाट तसाच आणत नाहीत, त्यावर नदीकाठची थोडी वाळू किंवा माती घरी येते. गेलेल्याचं काहीतरी परत घरात आणायचं, ही किती शहाणी रीत आहे!

तुम्ही म्हणाल, बाप्पा पुढच्या वर्षी येतो. माणूस येत नाही. त्याचं काय?

याचं उत्तर मला पानशेतच्या पुरात सापडलं. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी काठच्या पेठांमध्ये शिरलं. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. नारायण पेठेतल्या एका वाड्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पाणी ओसरलं तेव्हा वाड्याच्या जागी चिखल आणि तुळया उरल्या होत्या. शहराला पाणी पुरवणारं धरणच गेल्यामुळे नळ कोरडे पडले. पुरानं उद्ध्वस्त झालेल्या पुण्यात लोक पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधत होते. पुढे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत पूरग्रस्तांना जागा मिळाल्या. वर्षानुवर्षं एका नळावर भांडलेली बिऱ्हाडं चार दिशांना पांगली.

आजीच्या वाड्यातल्या एक काकू त्या पुरात गेल्या. रोज दिवेलागणीला वाड्यातली सगळी पोरं ओट्यावर बसवून त्या परवचा म्हणून घ्यायच्या. नव्या वसाहतीत गेल्यावर काही दिवसांनी माझ्या पणजीनं संध्याकाळी शेजारपाजारची पोरं गोळा केली आणि परवचा सुरू केला. तिला स्वतःला अकरापर्यंतच पाढे येत होते. बारापासून पुढचे ती पोरांबरोबरच शिकली! “बयो, गेलेल्या माणसाचं एक तरी काम आपल्याकडे घ्यावं. म्हणजे ते माणूस अगदीच जात नाही,” असं ती आजीला म्हणाली होती.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्याचा अर्थ कळला एप्रिल 2021 मध्ये. मी बारावीत होते. आजोबा कोरोनानं गेले. मृतदेहाला स्पर्श करायचा नाही, आंघोळ घालायची नाही, असे तेव्हाचे नियम. आजी घरीच विलगीकरणात होती. बावन्न वर्षांच्या संसाराचा निरोप तिनं खिडकीत उभं राहून घेतला. त्या काळात पुण्यातल्या किती घरांत असंच झालं असेल! आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो निरोप अजून अर्धवट आहे, फक्त आपण त्याबद्दल बोलत नाही.

आजोबांच्या एका मित्राची दृष्टी गेली होती. आजोबा रोज सकाळी फोनवरून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. आजोबा गेल्यावर पंधराएक दिवसांनी आजीनं तो नंबर लावला. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण पूर्ण स्कोअरकार्ड वाचून दाखवते. सुरुवातीला वाचताना मध्येच थांबायची, रडायची. पलीकडचे आजोबाही थांबायचे. मग पुढची बातमी. रडणं आणि काम, दोन्ही एकाच फोनवर.

आता जरा पुस्तकातलं सांगते. दुःखाच्या पाच पायऱ्या आपल्याला रील्समधून पाठ आहेत. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. त्या मांडल्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी, 1969 च्या ‘ऑन डेथ अँड डाइंग’ या पुस्तकात. गंमत म्हणजे ते पुस्तक होतं स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांनी या पायऱ्या ओळीनं चढल्याच पाहिजेत, असं काही नाही. पुढे 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी ‘कंटिन्युइंग बाँड्स’ हे पुस्तक आणलं. गेलेल्या माणसाशी नातं तोडणं हीच बरं होण्याची खूण, ही समजूत त्यांनी खोडून काढली. नातं रूप बदलून चालू राहू शकतं, आणि त्यात आजारी असं काही नाही. पणजीनं हे परवचा घेता घेता ओळखलं होतं.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’ हेही त्याच पिढ्यांकडून आलंय. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हेही तिथूनच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा कुठे राज्यभर चर्चा झाली. माझी कसोटी साधी आहे. जी रीत दुःखी माणसाच्या हातात काहीतरी देते ती घ्यावी, जी त्याच्याकडचं आणखी हिसकावते ती सोडावी. आजीनं तिची टिकली सोडली नाही. कोणी कुजबुजलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

ब्रेकअपचं काय, असं मी आजीला विचारलं. मान राखणारं माणूस असेल, तर त्याच्याकडून शिकलेली एखादी चांगली गोष्ट ठेव म्हणाली. आणि छळणारं असेल तर? “त्याला कशाला येते म्हणायचं? सरळ जाते म्हण!” ब्लॉकचं बटण आजीला ठाऊक नाही, पण कल्पना पक्की आहे.

काही दुःखं मात्र एवढ्यानं हलत नाहीत. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसंच वाटत नाही, असं असेल तर एकट्यानं झुंजू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र, मोफत चालू असतो. मराठीतही बोलता येतं. मदत मागणं हेसुद्धा शहाणपणच.

बाकीच्यांनी यंदा ‘मूव्ह ऑन’ टाइप करण्याआधी मित्राला एक प्रश्न विचारून बघा. जे गेले, ते रोज काय करायचे? अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालायचे? लाडक्या नातवाला रात्री गोष्ट सांगायचे? की भाजीवालीशी उगाच दोन मिनिटं गप्पा मारायचे? त्यातलं एक काम तो उचलू शकेल. पहिल्या दिवशी नीट जमणार नाही. पणजीला तरी बाराचा पाढा कुठे येत होता!