हौस कुणाची, नाव कुणाचं?

‘स्वयंसेवक’ हा शब्द ऐकला की मी सावध होते. समाजकार्यात हा शब्द बहुधा बाईच्याच वाट्याला येतो. गावाचं आरोग्य सांभाळणारी ‘आशा’ सरकारी कागदावर आजही स्वयंसेविका आहे. म्हणूनच खगोलशास्त्राला मदत करणाऱ्या सामान्य नागरिकांचं कौतुक वाचताना मला प्रश्न पडतो, की काम केलं कुणी आणि नाव झालं कुणाचं?

ही मदत खरोखरच मोठी आहे. २००७ साली ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला. सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रं लोकांपुढे ठेवली गेली. दीर्घिका सर्पिल दिसते की लंबगोल, एवढंच सांगायचं. एकच छायाचित्र अनेकजण बघतात, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेने सुधारते. पहिल्याच वर्षात दीड लाखांवर लोकांनी ५ कोटींहून जास्त नोंदी केल्या. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी चमत्कारिक डाग दिसला. तो निघाला वायूचा प्रचंड ढग. तिने नुसतं पाहिलं नाही, तर विचारलंही. २००९च्या शोधनिबंधात सहलेखिका म्हणून तिचं नाव आहे, आणि ढगही तिच्याच नावाने ओळखला जातो.

हे सहज घडलेलं नाही. १८८२ साली हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी हौशी लोकांना, त्यातही शिकलेल्या स्त्रियांना, आवाहन केलं होतं. पुढे त्याच वेधशाळेत हेन्रिएटा लेविट सुरुवातीला बिनपगारी राबली. अशा काही ताऱ्यांचं तेज आणि तेजबदलाचा काळ यांचा संबंध तिने शोधला, आणि त्यातून विश्वातली अंतरं मोजता येऊ लागली. १९१२च्या त्या परिपत्रकाखाली सही मात्र पिकरिंग यांची. मजकूर मिस लेविट यांनी तयार केला, एवढा उल्लेख सुरुवातीला आहे.

उल्लेख आणि लेखकपद यांतलं अंतर आपण बायका चांगलं ओळखतो. हौसेने केलेल्या कामाचे पैसे मागावेत, असं मी म्हणत नाही. पण आज यंत्रांना दीर्घिका ओळखायला शिकवताना याच लोकांनी केलेलं वर्गीकरण वापरतात. हे श्रम आहेत, आणि श्रमाला श्रम म्हटलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट हौसेची. हौसेला मोकळा वेळ लागतो. ‘गॅलेक्सी झू’च्या स्वयंसेवकांची पाहणी झाली, तेव्हा उत्तरं देणाऱ्यांत पुरुष बायकांच्या कितीतरी पट निघाले. बायकांना आकाशाचं वेड कमी असतं, असा याचा अर्थ मी काढणार नाही. स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास आटोपून घरातला एकुलता फोन हाती येईपर्यंत कितीजणींचे डोळे उघडे राहतात?

विज्ञानाचं दार सर्वांना उघडं आहे, असं म्हणणाऱ्यांनी उंबरठ्याच्या आतल्या या कामांचीही मोजदाद करावी. आणि दार ओलांडून आलेल्या प्रत्येकीचं नाव कामाखाली स्पष्ट लिहावं.