छळ झाला म्हणून चित्रकार शोषितांचा होतो का?

१९ जुलै १९३७. म्युनिकमध्ये नाझी सरकारने एक प्रदर्शन भरवले. नाव दिले ‘विकृत कला’. ३२ संग्रहालयांतून उचलून आणलेल्या सुमारे ६५० कलाकृती दाटीवाटीने मांडल्या आणि भिंतींवर टवाळीची वाक्ये लिहिली. प्रवेश फुकट. २० लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले.

यातले अनेक चित्रकार अभिव्यक्तिवादी, म्हणजे एक्सप्रेशनिस्ट होते. १९०५ मध्ये ड्रेस्डेनच्या चार तरुणांनी ‘डी ब्रूके’ हा गट काढला, तेव्हापासून जर्मनीत या चित्रकलेने जोर धरला होता. डोळ्यांना दिसते तसे नाही, मनाला जाणवते तसे रंगवायचे, हा त्यांचा आग्रह. म्हणून चेहरा हिरवा आणि रेषा कुऱ्हाडीने तोडल्यासारखी. प्रस्थापितांच्या सौंदर्याच्या कल्पनेला हा उघड नकार होता.

मग एक सोपा हिशेब मांडला जातो: हिटलरला ही चित्रे खुपली, म्हणजे हे सारे चित्रकार मानवमुक्तीच्या बाजूचे. मित्रांनो, हा हिशेब तपासून घ्या.

एमिल नोल्डे हा यातला मोठा चित्रकार. संग्रहालयांतून त्याच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त झाल्या. इतक्या दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या. पण हाच नोल्डे नाझी पक्षाचा सदस्य आणि कट्टर ज्यूद्वेष्टा होता. १९३३ मध्ये त्याने मॅक्स पेखश्टाइन या सहकारी चित्रकाराबद्दल ‘हा ज्यू आहे’ अशी चुगली सरकारदरबारी केली. पेखश्टाइन ज्यू नव्हता. असता, तरी चुगली नीचच ठरली असती. १९३८ मध्ये नोल्डेने गोबेल्सला पत्र लिहून आपली निष्ठा सांगितली. युद्धानंतर मात्र तो ‘नाझींचा बळी’ म्हणून मिरवला. २०१९ च्या बर्लिनमधील प्रदर्शनाने त्याची कागदपत्रे लोकांसमोर ठेवली, तेव्हा ही प्रतिमा कोसळली.

आता केटे कोल्विट्झकडे पाहा. ती ‘डी ब्रूके’ गटात नव्हती. तिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. दवाखान्यात येणाऱ्या थकल्या-भागल्या बाया तिने चित्रांत आणल्या. विणकरांच्या १८४४ च्या उठावावरील तिच्या मुद्राचित्रांसाठी १८९८ मध्ये सुवर्णपदकाची शिफारस झाली. कैसरने ते नाकारले. १९१४ मध्ये मुलगा युद्धात गेला. पुढे तिने युद्धावर सात काष्ठमुद्राचित्रे केली. त्यांत वीरश्री कुठेच नाही, आहेत ते आईबाप आणि विधवा. १९३३ मध्ये नाझींविरुद्ध डाव्यांच्या एकजुटीच्या आवाहनावर तिने सही केली आणि तिला कला अकादमी सोडावी लागली.

दोघांचाही सत्तेने छळ केला. पण एक सत्तेच्या दारात जागा मागत होता आणि दुसरी सत्तेच्या विरोधात उभी होती. या दोघांना एकाच रांगेत बसवणे म्हणजे कोल्विट्झवर अन्याय आहे.

काही जण म्हणतील, ‘कला आणि कलावंत वेगळे ठेवा.’ ठीक आहे. नोल्डेचे रंग जरूर पाहा. चित्रे भिंतीवरून उतरवण्याचा धंदा नाझींचा होता, तो आपण का करावा? पण चांगल्या रंगांच्या बदल्यात त्याला हुतात्म्याचे प्रमाणपत्र देता येणार नाही. शैलीतले बंड हे माणसांच्या बाजूने केलेले बंड असतेच असे नाही. कलावंताचा छळ कुणी केला हे विचाराच. पण छळ होण्याआधी तो कुणाच्या बाजूने उभा होता, हेही विचारा.