बलाढ्य महापौर की सबळ सभागृह?

मुंबईचे महापौरपद हे शोभेचे पद आहे, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती दिली आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकारकडे ठेवली. गिरगावच्या चाळीतील नळाला पाणी का येत नाही, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात खाटा का अपुऱ्या पडतात, याचा जाब महापौराला विचारला तर त्याच्यापाशी देण्यासारखे उत्तर नसते. या दुखण्यावर औषध म्हणून थेट जनतेने निवडलेला, सर्वाधिकारी महापौर सुचविला जातो. २०१६ मध्ये शशी थरूर यांनी थेट निवडणूक आणि पाच वर्षांची मुदत सुचविणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. मध्यमवर्गाच्या बैठकांतून ही कल्पना आजही मोठ्या आस्थेने बोलली जाते. दुखणे खरे असले तरी समाजवाद्यांनी या औषधाला विरोधच केला पाहिजे.

एकाच्या हाती सत्ता दिल्याने शहर सुधारते, हा प्रयोग मुंबईने फार पूर्वी केलेला आहे. १८६५ च्या कायद्याने आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांना जवळजवळ निरंकुश अधिकार मिळाले. त्यांनी कामे केली. मंडई आजही उभी आहे. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. कार्यकारी अधिकारी एकच असावा, पण तो करदात्यांनी निवडलेल्या सभेला बांधलेला असावा, अशी बाजू फिरोजशहा मेहता यांनी तेव्हा मांडली. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. मुंबईच्या नागरी लोकशाहीचा जन्म एकाधिकाराच्या विरोधातून झाला, हे विसरून चालणार नाही.

दुसरा अनुभव अगदी अलीकडचा आहे. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. २०२२-२३ चे अंदाजपत्रक ४५,९४९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींवर गेले. अंदाजपत्रक मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा हात एकच होता. २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांची रस्ते-काँक्रिटीकरणाची कामे दिली गेली, तेव्हा प्रश्न विचारायला स्थायी समितीच अस्तित्वात नव्हती. प्रशासक निवडून आलेला नव्हता, महापौर निवडून येईल, असे यावर म्हटले जाईल. पण पाच वर्षांतून एकदा द्यावा लागणारा हिशेब आणि दर आठवड्याला समितीपुढे द्यावा लागणारा हिशेब यांत फार अंतर आहे.

तिसरा अनुभव महाराष्ट्राचाच आहे. १९९८ मध्ये युती सरकारने मुंबईत महापौर परिषद आणली आणि १९९९ मध्ये ती गुंडाळली. मूठभर सभासद सत्ताधारी झाले व उरलेले प्रेक्षक बनले. थेट नगराध्यक्षाची पद्धत २००६ मध्ये रद्द झाली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा अवतरली. सत्तापालटाबरोबर जी पद्धत कूस बदलते, तिच्यामागे तत्त्व कोणते आणि सोय कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. अध्यक्ष एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचे, असे झाले म्हणजे गावाचा कारभार अडतो तो वेगळाच.

निवडणुकीचे अर्थशास्त्रही पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आहे आणि प्रभाग २२७. म्हणजे एका प्रभागात सरासरी पंचावन्न हजार माणसे. एवढा प्रभाग कार्यकर्त्याला पायी पालथा घालता येतो. हंडा मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर गेल्या त्या अशाच बळावर. सबंध मुंबईभर लढावयाचे तर पैसा लागेल, आणि तो कंत्राटदार व बांधकामवाले यांच्याच तिजोरीतून येईल. लालबागच्या कामगाराचा उमेदवार त्या शर्यतीत उभाही राहू शकणार नाही.

शिवाय महापौर बलाढ्य झाला तरी मंत्रालयाची पकड सैल होणार नाही. गिरण्यांच्या जमिनींचा निकाल लावणारी २००१ ची नियमदुरुस्ती राज्य सरकारने केली. एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या साऱ्यांची दोरी मंत्रालयातच आहे. २०१७ मध्ये जकात गेली आणि महापालिका भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे पाहू लागली. नव्या महापौराला वरून काहीच मिळणार नाही. तो बळकट होईल तो खालच्या सभागृहाचे हक्क काढून घेऊन.

इंग्लंडमध्ये २०१२ साली दहा शहरांत थेट महापौरासाठी सार्वमत झाले. नऊ शहरांनी नकार दिला. होकार देणाऱ्या एकट्या ब्रिस्टलनेही २०२२ मध्ये ते पद रद्द करण्याचा कौल दिला आणि २०२४ पासून समित्यांचा कारभार स्वीकारला.

मग उपाय कोणता? आयुक्ताची नेमणूक सभागृहाच्या संमतीने व्हावी. आज त्याला परत पाठविण्यास एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांशांची मते लागतात; तेथे साधे बहुमत पुरेसे मानावे. नगररचना आणि घरबांधणीचे अधिकार महापालिकेकडे यावेत. प्रभाग समित्यांना स्वतःचा निधी मिळावा आणि तेथे नागरिकाला बोलण्याचा हक्क असावा. महापौर सभागृहानेच निवडावा, त्याला खरे काम द्यावे आणि त्याला खाली खेचण्याचा अधिकारही सभागृहापाशीच ठेवावा. तारणहार शोधण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे; पण दादर-परळच्या श्रमिकाला कारभारात वाटा मिळेल तो याच मार्गाने.