बाहेरचा पाऊस, आतला पाऊस

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी मी बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात आलो, तेव्हा बेळगावाहून तीन वस्तू बरोबर आणल्या होत्या. कुंद्याचा डबा, सायकल आणि पावसाळी जॅकेट. कुंदा मित्रांनी दोन दिवसांत संपवला. सायकल अजून इमानाने चालते आहे. जॅकेटाने मात्र पहिल्याच पावसाळ्यात दगा दिला.

ते गळाले नाही, हे प्रथम सांगतो. दांडिया बाजारातल्या खोलीवरून निघून, विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळ्या घोड्यापाशी पोहोचेपर्यंत पावसाचा एक थेंबही आत आला नाही. तरीही वर्गात शिरलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला. सरांनी विचारले, "रेनकोट विसरलास काय रे?" रेनकोट हातातच होता! मी भिजलो होतो तो स्वतःच्या घामाने.

हेच जॅकेट बेळगावात तीन पावसाळे उत्तम चालले होते. मग इथेच असे का व्हावे? या प्रश्नाने मला थोडे वाचायला लावले, आणि त्यातून जे मत बनले ते सायकलवरून महाविद्यालयात येणाऱ्या वाचकांपुढे ठेवतो.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड केले. पाणी अडले, पण वास येई आणि घाम आतच राही. आपल्याकडचे प्लॅस्टिकचे रेनकोट याच जातीचे. पुढे 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येऊ शकत नाही. वाफ मात्र बाहेर जाऊ शकते. 'श्वास घेणारे' म्हणून जी महागडी जॅकेटे विकली जातात ती या शोधाची, किंवा त्यासारख्या पडद्यांची, संतती.

पण वाफ काही आपण होऊन बाहेर पडत नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती जाते. कातडीजवळची हवा 34 अंश सेल्सिअस आणि बाष्पाने संपृक्त आहे असे धरू. बाहेर 22 अंशांची झिमझिम असली तर हवा संपृक्त असूनही दाबांतला फरक पाऱ्याच्या सुमारे 20 मिलिमीटर इतका राहतो. बाहेर 30 अंशांची तशीच ओली हवा असेल तर तो जेमतेम 8 वर येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंच, बडोदे शंभर-सव्वाशे फुटांवर. जॅकेट तेच, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर इथे निम्म्याहून कमी. दुकानदाराने दाखवलेल्या चिठ्ठीवर '10,000 मिलिमीटर' छापलेले होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते, असा त्याचा अर्थ. आकडा खरा असेलही, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

म्हणून माझे मत असे की, जॅकेट घेताना 'पाणी आत येते का?' हा प्रश्न एकटा विचारू नये. 'वारा आत येतो का?' हेही विचारावे. उष्ण आणि दमट गावात महागड्या पडद्यापेक्षा मोकळेपणा अधिक उपयोगी पडतो. बगलेत उघडता येणारी चेन, पाठीवर झाकलेली फट, सैल बांधा, हे पाहावे. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, नाहीतर पाणी सुईच्या भोकांतून येते. वाकून बसल्यावर कंबर उघडी पडू नये इतकी मागची बाजू लांब असावी. अंतर थोडे असेल तर खालून मोकळा असणारा, हँडलवर पसरता येणारा पोंचो सर्वांत सोयीचा. फक्त सोसाट्याच्या वाऱ्यात त्याचे शीड होते आणि त्याचे टोक चाकात जाऊ शकते, हे विसरू नये. कोकणातल्या शेतकऱ्याचे इरले, आणि आपल्या कानडी विभागातील मित्र ज्याला गोरबु म्हणतील ते, याच तत्त्वावर आहे. पाठीवर छप्पर, पोटाशी वारा!

तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : 'मागून येणाऱ्याला मी दिसतो का?' आपण काळी आणि गडद निळी जॅकेटे घेतो, कारण ती मळत नाहीत. मुसळधार पावसात ट्रकचालकाच्या ओल्या काचेतून तो रंग दिसतही नाही. पिवळा किंवा नारिंगी रंग आणि पाठीवर चमकणारी पट्टी यांची थट्टा झाली तर होऊ द्यावी. टोपडेही असे असावे की मान वळवली तर तेही वळेल. डोळ्यांवर येणारे टोपडे म्हणजे घोड्याची झापडे.

आणि कोणतेही जॅकेट खालून येणाऱ्या पाण्यापासून वाचवत नाही. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला; 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली. दोन्ही वेळा नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. मगर तरी दिसते. पाण्याखालचे उघडे गटार दिसत नाही. रस्ता दिसेनासा झाला की सायकल परत वळवावी. अंग कोरडे आहे म्हणून येणारे धाडस हा चांगल्या जॅकेटाचा सर्वांत मोठा दोष आहे.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक विनंती. गळते जॅकेट ठेवायला जागा नसली की ते बाकाखाली जाते, परतीच्या वेळी ओलेच अंगावर चढते. व्हरांड्यात खुंट्यांची एक रांग ठोकायला फार खर्च येणार नाही. आणि ज्या दिवशी नदी-नाले भरले असतील, त्या दिवशी हजेरीपटाने थोडी सवलत द्यावी. विद्यार्थी उशिरा पोहोचला तर एक तास बुडतो. त्याने पाण्यात सायकल घालू नये, यासाठी तेवढी किंमत फार नाही.