माळावर बघायला काय आहे?

अष्टविनायकाची बस मोरगावचं दर्शन उरकून सिद्धटेककडे निघते तेव्हा निम्मे प्रवासी डुलक्या घेत असतात. सुपे मागे पडतं, चौफुला येतो आणि त्या झोपेत मयूरेश्वर अभयारण्य कधी निघून गेलं ते कुणाला कळतही नाही. मोरगावच्या गणपतीचंच नाव लावणारा हा जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा गवताळ तुकडा १९९७ मध्ये चिंकारांसाठी राखला गेला. सिद्धटेक ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्यही आहे. आठ गणपतींच्या यादीत त्यांना जागा नाही, हे समजू शकतं. पण मराठी माणसाच्या सहलीच्या यादीतही नाही.

आपल्याकडे बघण्यासारखं म्हणजे उंच काहीतरी किंवा ओलं काहीतरी. गड, घाट, धबधबा, समुद्र. पुणे, अहिल्यानगर, सोलापूरच्या पर्जन्यछायेतला सपाट मुलूख हा तिथे पोचण्यासाठी ओलांडायचा रस्ता.

खरं तर हिवाळ्याच्या सकाळी हा मुलूख गजबजलेला असतो. मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत टोळ टिपत जातात. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. रंग असा की थांबला की मातीत हरवतो. पखुर्ड्यांचे थवे ठरल्या वेळी पाणवठ्यावर उतरतात. खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतं. धनगरांच्या मेंढरांच्या मागावर कुठेतरी लांडगाही असतो, आणि तो अभयारण्याची हद्द बघून फिरत नाही. पायाखाली पवन्या, मारवेल आणि मोज्यात घुसून दिवसभर आठवण देणारी कुसळी. हे सगळं दिसतं, कारण मध्ये झाड नाही. घनदाट जंगलात वाघासाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून बघावा.

सरकारी भाषेत मात्र ही जमीन पडीक. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ आणि झुडपी माळ सरसकट धरले गेले आहेत. पडीक म्हटलं की ती सुधारायची, आणि सुधारायची म्हणजे झाडं लावायची. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. अशा मोहिमांना खड्डे खणायला मोकळी जागा लागते, आणि माळाइतकी मोकळी जागा दुसरी कुठली? गिरीपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या की कागदावर वन वाढतं. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या आणि लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोकाचं घर तेवढंच आक्रसतं.

माळढोकाच्या बाबतीत दुसरी चूक उलट्या टोकाची झाली. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्यांच्या शेजारी तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्यांच्याच मनातून तो उतरला. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर याच अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसणं हीच बातमी होऊ लागली होती.

म्हणूनच पर्यटनाचा विचार करायचा तो गावाच्या खिशापासून. उजनी धरणाने भीमाकाठची गावं बुडवली, पण त्याच धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येऊ लागले आणि भिगवणजवळच्या कुंभारगावात होड्या, राहण्याची सोय, माशाचं जेवण असा हंगामी धंदा उभा राहिला. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिरही डोकं वर काढतं. पक्षी टिकले तर गिऱ्हाईक टिकतं, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही फोटोसाठी थवा उडवायला होडी पुढे दामटण्याचा आग्रह पाहुणेच धरतात, हेही नमूद केलं पाहिजे.

पुणे वन विभागाने इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हे पाऊल योग्यच आहे. ठरलेली वाट, आधी नोंदणी, सोबत स्थानिक वाटाड्या. लांडग्याच्या बिळापर्यंत गाड्या घालणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना आवर घालायचा हाच व्यवहार्य मार्ग आहे. धोका आहे तो पुढच्या पायरीचा. पर्यटनस्थळ ठरलं की कमान येते, पेव्हर ब्लॉक येतात, सेल्फी पॉइंट येतो, आणि मोकळं बघायला आलेल्या माणसापुढे भिंत उभी राहते. माळावर खर्च करायचाच असेल तर पाणवठ्यांवर, वाटाड्यांच्या प्रशिक्षणावर आणि मेंढरू गेलेल्या धनगराला वेळेत भरपाई देण्यावर करावा.

आणि येत्या पावसाळ्यात रोपं घेऊन माळावर जाणाऱ्या शाळांनी, कंपन्यांनी, मंडळांनी खड्डे खणण्याआधी तिथल्या मेंढपाळाला एवढंच विचारावं: इथे गवत कोणकोणतं येतं? त्याने चार नावं सांगितली, तर रोपं गावात परत न्यावीत आणि शाळेच्या आवारात लावावीत.